दोनचं वर्गमूळ

बुधवार पेठेत, मुथांच्या दुकानात, काउंटरवर
तीन भिंगं उभी. एक पांढरं, एक काळं,
तिसरं सेकंडहँड, हुडवर दातांच्या खुणा.
"कुत्र्याच्या आहेत," इर्शाद म्हणाला. "काच एकदम क्लीन, मॅडम."

मग तळहातावर ठेवली त्याने दोन आखूड नळकांडी.
"टेलिकन्व्हर्टर. हा एक पॉइंट चार, हा दोन पट.
चारशेचं पाचशे साठ होतं. सहाशेचं आठशे चाळीस.
चहा घेणार?"

एक पॉइंट चार. मला हसूच आलं.
दोनचं वर्गमूळ, एका घरात कापलेलं.
बाजू तेवढी ताणली की चौरस दुप्पट,
आणि तोच उजेड दुप्पट जागेवर पसरायचा
म्हणजे वाट्याला निम्मा.
बत्तीस वर्षं काढला हा चौरस फळ्यावर,
एकाही वर्गाला सांगितलं नाही
की लांबचं बघायचं भाडं असतं हे.

"एकच स्टॉप जातो," इर्शाद म्हणाला, "आयएसओ वाढवायचा."
"आणि मग दाणे निवडत बसायचं,"
मुथाशेठ म्हणाले, पेपरातून मान वर न काढता.

फुटपाथवर उभं राहून काळं भिंग लावून पाहिलं.
पाण्याच्या टाकीवरची घार, तिची पिवळी नखं.
जरा खाली सरकलं तर तिसऱ्या मजल्यावर
दाढी करणारे एक गृहस्थ, कानापाशी राहिलेला फेस.
चोरी पकडल्यासारखं मीच खाली केलं.
दोन किलो शंभर ग्रॅम.
डावा खांदा आखडलेला, फिजिओच्या चौदा खेपा झालेल्या;
ज्वारीच्या पिठाचा डबाही मी आता खालच्या फळीवर ठेवते.

म्हणून शनिवार-रविवारपुरतं भाड्याने घेतलं.

कवडीपाटला पोचले तेव्हा नदीवर धुकं,
धुक्याखाली शहराचा फेस,
आणि पलीकडच्या काठाला चक्रवाकांची जोडी,
विटकरी, माझ्याकडे पाठ करून.
एक पॉइंट चार लावला. फोकस मागेपुढे चाचपडला,
उशीखाली चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा.
दोन पट लावला. पक्षी जवळ आले
आणि येता येता भिजलेल्या बिस्किटासारखे झाले.
ऊन चढलं, पाण्यावरची हवा थरथरायला लागली.
हवेला काही लावता येत नाही.

जाळं गुंडाळणाऱ्या माणसाने विचारलं,
"केवढ्याचं हो हे?"
माझं नाही म्हटलं.
"कुठवरचं दिसतं?"
त्या काठापर्यंतचं.
"मग त्या काठाला का जात नाही? गुडघाभर तर पाणी."

गेले. सलवार दुमडून, चपला हातात,
भिंग बाळासारखं छातीशी.
चक्रवाक उडाले, उडणारच होते.
दोन्ही कन्व्हर्टर खिशात, मी चिखलात मांडी घालून,
पाऊण तास.
शेकाट्या आले. लाल पायांच्या काड्यांनी
पाण्यात रेघा मारत, माझ्याकडे लक्षच नाही.
भिंग उघडं, एक स्टॉपही न गमावता.
क्लिक, क्लिक. पिसांतलं पीस वेगळं.

मग एक धोबी आला, शेपूट आपटत,
आला तो आलाच, माझ्या गुडघ्यापासून हातभर.
दोन मीटर चाळीसच्या आत हे भिंग आंधळं.
यंत्र कुरकुरलं, हिरवी चौकट लागेना.
मी ते मांडीवर आडवं ठेवलं.
डोळ्याने पाहिलं. बराच वेळ.

सोमवारी मुथांनी पहिलं काय पाहिलं तर माझ्या चपला.
"कसं वाटलं?"
जड.
"मग हे घ्या, कुत्र्याचं. शंभर-चारशे. किंमत कमी करतो."
आणि दोन पट?
मी मान हलवली.
आणि हा?
तो द्या.

वजन विचारलं भिंगाचं.
"एक किलो चारशे," इर्शाद म्हणाला,
आणि मी एवढी का हसतेय ते
दुकानात कुणालाच कळलं नाही.